काशिनाथ सावे यांनी साफ केलेली विळी

काशिनाथ सावे यांच्याबद्दल चंद्रहास नाबर यांना फार थोडं माहीत होतं. किती थोडं, ते काशिनाथ गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं. उमेळ्यातल्या त्या घराच्या ओटीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि काशिनाथांचा मुलगा जितेश आल्यागेल्यांशी हलक्या आवाजात बोलत होता. भजनी मंडळाचे दोघे म्हणत होते की असा पखवाज आता ऐकायला मिळायचा नाही. काशिनाथ पखवाज वाजवायचे हे चंद्रहासना ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं, ऐंशी पुरी व्हायला दोनच महिने राहिले होते. चंद्रहास त्यांना आपल्याहून लहान समजत होते. मग एक म्हातारी म्हणाली, मंदा गेली तोही पौषच होता, अकरा वर्षं झाली. मंदा म्हणजे काशिनाथांची बायको, हे शेजारच्या माणसाने सांगितलं तेव्हा समजलं.

ते ऐकून चंद्रहास खाली बघत राहिले. याच घराच्या मागच्या अंगणात दीड महिना ते येऊन बसत होते. त्या दीड महिन्यात आपल्या बायकोबद्दल ते पुष्कळ बोलले होते. समोरच्या माणसाची बायको आहे की गेली, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांच्या पायांशी कापडी पिशवी होती आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी. काशिनाथांना दाखवायला म्हणून ते ती घेऊन आले होते. मरणाची बातमी त्यांना कुणी कळवली नव्हती. कळवावं असं कुणाच्या ध्यानात यावं एवढी त्यांची जवळीक कुणाला माहीतही नव्हती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर खुर्च्या दिसल्या, तेव्हाच काय ते कळलं.

जितेश त्यांच्याजवळ येऊन बसला. तेराव्याला मंडळ छोटीशी सभा घेणार होतं. "काका, तुम्हीही दोन शब्द बोला," तो म्हणाला. "बाबा तुमचं नाव घ्यायचे."

चंद्रहास बघतो म्हणाले. पण बोलायचं काय? एक गोष्ट मात्र त्यांना नीट ठाऊक होती, आणि ती सभेत सांगण्यासारखी आहे की नाही याची त्यांना खात्री वाटेना. जुन्या पात्याचा गंज काशिनाथ कसा काढायचे, एवढंच ते शेवटपर्यंत पाहू शकले होते.

ती विळी विनयाची. विनया म्हणजे चंद्रहासची बायको. लग्नात ती वेंगुर्ल्याहून आईच्या घरची विळी घेऊन आली होती. फणसाच्या लाकडाचा पाट, टोकाला खवणी, आणि लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून ठोकून काढलेलं पोलादी पातं. परळच्या खोलीत आणि मग वसई रोडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, मिळून एक्केचाळीस वर्षं ती स्वयंपाकघरात होती. दोन वर्षांपूर्वी विनया गेली. नंतर पोळीभाजी करायला येणाऱ्या बाईंना विळीवर बसणं जमायचं नाही, त्यांची सुरी वेगळी. वर्षश्राद्धाच्या साफसफाईत चंद्रहासनी विळी धुतली आणि निथळायला म्हणून मागच्या गॅलरीत कपड्यांच्या मशीनमागे उभी केली. ती तिथेच राहिली. गॅलरी पश्चिमेची. एक अख्खा पावसाळा खारं वारं आणि पाणी तिने खाल्लं.

पुढच्या श्रावणात मुलगी मेघना पुण्याहून आली, तेव्हा तिच्या हाताला ती लागली. पात्यावर तपकिरी पापुद्रे सुटले होते. मेघना म्हणाली की हे कुणाला लागलं तर धनुर्वात होईल, भंगारात देऊन टाका. तिचं काही चुकलं नव्हतं. चंद्रहासनी विळी खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी नेऊन ठेवली, वर आले, चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि जाऊन परत घेऊन आले.

हार्डवेअरच्या दुकानात ते ती घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "ग्राइंडर मारतो अंकल, पाच मिनिटांत चकाचक." बिजागऱ्या घ्यायला आलेली मर्लिन नावाची एक वयस्कर बाई शेजारी उभी होती. तिने चंद्रहासच्या हातातली विळी उलटसुलट करून पाहिली आणि दुकानदाराच्या देखत म्हणाली, "ह्याला नको देऊस, बाबा. उमेळ्याला काशिनाथकडे जा. बावखलाच्या कडेचं घर विचार. बावखल आता बुजवलंय, पण लोक सांगतील."

बुजवलेल्या तळ्यावर चार मजल्यांची इमारत होती आणि तिच्या मागे काशिनाथांचं घर. एकेकाळी केळी आणि पानवेलीची मोठी वाडी होती म्हणे. आता पाच नारळ, दहाबारा पोफळी, एक बिंबलाचं झाड आणि पत्र्याची पडवी उरली होती. पडवीत कोयते आणि विळे ओळीने टांगलेले, प्रत्येकाला तेलकट चिंधी गुंडाळलेली. वाडी नव्हती, पण वाडीची हत्यारं सगळी होती.

काशिनाथांनी विळी हातात घेतली आणि बराच वेळ नुसती पाहिली. नखाने एका जागी टोकरलं, पात्यावर बोट आपटून आवाज ऐकला.

"जिवंत आहे," ते म्हणाले. "कुणी केली हो हिची अशी दशा?"

"मीच," चंद्रहास म्हणाले.

"मग ठीक. सुनेने केली म्हणाला असतात तर मी घेतली नसती."

त्यानंतर चंद्रहास दर दोनतीन दिवसांनी जाऊ लागले. दर वेळी खारी नेत आणि पायरीवर बसत. काशिनाथ घरच्यांशी त्यांच्या वाडवळी बोलीत बोलायचे, चंद्रहासशी मात्र शाळेतल्यासारखं स्वच्छ. तेही बेताचंच. बोलण्याचं काम बहुतेक चंद्रहासच करत.

पहिले चार दिवस काशिनाथांनी काहीच घासलं नाही. पातं रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. रॉकेल आता मिळत नाही, त्यांच्याकडे जुना एक कॅन होता आणि तो ते अत्तरासारखा जपून वापरत. ज्या पातेल्यात विळी बुडवली होती ते ओळखून त्यांची सून ऋतिका दारातून म्हणाली, "बाबा, ते माझं इडलीचं पातेलं आहे."

"होतं," काशिनाथ म्हणाले.

पापुद्रे मऊ झाल्यावर त्यांनी खिशातून तांब्याचा जुना पैसा काढला आणि त्याच्या कडेने खरवडायला घेतलं. सुरीने का नाही, असं चंद्रहासनी विचारलं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यांनी सांगितलं, त्याने गंज निघतो, पोलादाला ओरखडा जात नाही. ग्राइंडरचं नाव काढलं तेव्हा मात्र ते चिडले. "ठिणग्या उडाल्या की लोकांना काम झाल्यासारखं वाटतं. ठिणगी म्हणजे तुमचंच लोखंड उडतंय ते. आणि तापून पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. मग बसा रोज धार लावत."

मग नारळाची शेंडी आणि चाळलेली राख. मग बिंबलं ठेचून त्यांचा आंबट लगदा पात्यावर थापायचा, पण थोडाच वेळ. या वेळात काशिनाथ जागचे हलत नसत. कुणी हाक मारली तरी नाही. आंबट गंज खातं आणि गंज संपला की लोखंड खायला लागतं, ते म्हणाले, त्याला थांबायचं कळत नाही, ते आपल्याला कळावं लागतं. वेळ झाली की सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच पुसायचं, उन्हात धरायचं, खोबरेल चोळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. त्यांचा उजवा हात कापायचा. पैसा दोनदा हातातून पडला. चंद्रहास उचलून द्यायला वाकले तर त्यांनी नजरेनेच बसवलं. तो हात का कापतो, हेही चंद्रहासनी विचारलं नाही. वय, असं धरून चालले.

तिसऱ्या आठवड्यात पात्याचा रंग दिसू लागला. काशिनाथांनी ते डोळ्यांसमोर आडवं धरलं.

"खालचा भाग झिजलाय. वहिनी फार बारीक चिरायच्या."

एक्केचाळीस वर्षं ते कोबीची भाजी खात आले होते. ती बारीक चिरलेली असते हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. ते म्हणाले, हो, असेल. मग म्हणाले, मला माहीत नाही.

"पातं सांगतंय ना," काशिनाथ म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

काही ठिकाणी गंजाने बारीक खळगे पाडले होते. ते काळेच राहिले. ते काढता येतील का, असं चंद्रहासनी भीत भीत विचारलं. काशिनाथांनी मान हलवली. घासून खळगा जात नाही, आजूबाजूचं लोखंड तेवढं जातं. ते आहेत तसे राहू द्यायचे.

अष्टमीच्या संध्याकाळी विळी पुरी झाली. काळसर चमक, कडेला चांदीच्या तारेसारखी धार. काशिनाथांनी ती त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांचे स्वतःचे डोळे चमकत होते, निदान चंद्रहासना तसं वाटलं. सांगितलं एवढंच, की आठ दिवस तेल चोळा, अजून उघडी आहे, पाणी लावू नका.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. नाबरांच्या घरी हत्यारांची पूजा विनया करायची. पाटावर विळी, सुरी, कात्री, चंद्रहासचं फाउंटन पेन आणि मेघना शिकत होती तोवर तिची कंपासपेटी. विनया गेल्यापासून पूजा झाली नव्हती. या वर्षी चंद्रहासनी करायची ठरवलं. विळी मिळाली होती, तिचा मान राखायला हवा होता. त्यांना पूजा नीट येत नव्हती, म्हणून जे आठवलं ते जरा जास्तच केलं. तेलावर हळदकुंकू बसेना, म्हणून स्वच्छ फडक्याने आणि वर साबणाच्या बोटाने सगळं तेल पुसून काढलं. हळदकुंकू पाण्यात कालवून पात्यावर बोटं ओढली. झेंडूची फुलं नळाखाली धुतली आणि निथळूही न देता पात्यावर रचली, ढीगभर. फुलाने पाणी शिंपडलं. आणि मग हात जोडून सगळं तसंच ठेवलं, कारण पूजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही. हा नियम तेवढा त्यांना पक्का आठवत होता. विनया त्या दिवशी सगळ्या भाज्या हाताने तोडायची.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी फुलं उचलली. खाली केशरी रंग दिसला. झेंडूचा उतरला असेल म्हणून त्यांनी पुसला, पुसला जाईना. कुंकू असेल म्हणून पुन्हा पुसलं. बोटं ओढली होती तिथे बोटांच्याच आकाराचा गंज आला होता, आणि फुलं होती तिथे सबंध पातं भरून.

त्याच पावली उमेळ्याला जायचं, तर ते घाबरले. दीड महिन्याचं काम एका दिवसात घालवलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांना वाटलं, आपणच थोडं सारखं करू आणि मग जाऊ. भांड्यांच्या तारेच्या घासणीने त्यांनी पातं घासलं. ओरखडे उठले. बिंबलं नव्हती, म्हणून लिंबू चोळलं आणि वाट बघत खुर्चीत बसले. तिथेच डोळा लागला. पहाटे पाहिलं तर पातं राखाडी, खरखरीत झालेलं आणि धार कुरतडल्यासारखी. जे करू नका म्हणून काशिनाथ सांगत होते ते सगळं त्यांनी ओळीने केलं होतं. विळी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी कपाटात ठेवली.

त्यानंतर ते उमेळ्याला गेले नाहीत. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं. फिरायला जायचा रस्ता त्यांनी बदलला. एकदा वसईच्या बाजारात काशिनाथ लांबून दिसले, एका फुलवालीशी बोलत होते, तर चंद्रहास सुक्या मासळीच्या गल्लीत शिरले आणि नको असलेला जवळा घेऊन घरी आले. रोज सकाळी ते ठरवत, आज जाऊन सांगायचं. रोज दुपारपर्यंत त्याचं काही ना काही कारण निघायचं. गुडघा, ऊन, गॅसवाला. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी काशिनाथांनी ज्या नजरेने विळी पाहिली होती, ती नजर आपल्याकडे वळलेली त्यांना सोसवली नसती.

हे सगळं चौथ्या दिवशी ओटीवर बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात चाललं होतं, आणि जितेश शेजारी बसून आपल्या वडिलांबद्दल सांगत होता. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाबांचं दुखणं पावसाळ्यातच कळलं होतं, तो म्हणाला. डॉक्टरांनी मोजके महिने सांगितले होते. हात तेव्हापासूनच कापायचा. बाबांनी कुणाला सांगू दिलं नाही. दिवाळीनंतर त्यांचे दिवस जाता जात नव्हते. टांगलेली सगळी पाती तीन तीनदा काढून साफ करून झाली होती. जिथे गंजच नाही तिथे काय काढणार, पण घासत बसायचे.

"मग चिडायचे," जितेश म्हणाला. "म्हणायचे, त्या नाबरांच्या घरात अजून एखादं गंजलेलं काही असेल, बघ, फोन कर त्यांना. तुमचा नंबर आमच्याकडे नव्हता, काका. ऋतिकाने तर आपली खोबऱ्याची किसणी मुद्दाम पाण्यात टाकून ठेवली. त्यांनी ओळखलं. म्हणाले, ही कालची आहे, हिच्यात काय राम आहे."

चंद्रहासचा हात पिशवीवर गेला. वर्तमानपत्राच्या आतल्या पात्यावर पावणेतीन महिन्यांचा गंज होता, ओरखडे होते, आंबटाने खाल्लेली धार होती. काशिनाथांना दोन महिने पुरलं असतं एवढं काम होतं त्यात. जितेशला हे सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण जितेशने त्या विळीचं काय केलं असतं? ऋतिकाने आणून दिलेला चहा त्यांनी घेतला. तेराव्याच्या सभेत आपल्याला बोलता येणार नाही एवढंच कसंबसं सांगितलं आणि पिशवी उचलून निघाले.

काशिनाथांची आणि त्यांची अखेरची भेट त्याआधी पंधरा दिवसांची. वसईला बस उभ्या राहतात तिथल्या बाकावर चंद्रहास बसले होते, आणि शेजारी कोण येऊन टेकलं ते पाहायला मान वळवली तर काशिनाथ. मफलर गुंडाळलेला, हातात औषधांच्या दुकानाची पिशवी, गळ्याची हाडं वर आलेली. उठून जायला जागा नव्हती. चंद्रहासनी तब्येतीचं विचारलं. थंडी बाधते, काशिनाथ म्हणाले.

मग काशिनाथांनीच विषय काढला.

"विळी कशी आहे?"

चंद्रहासनी तोंड उघडलं. नवमीपासूनचं सगळं सांगणारं वाक्य तयार होतं, किती दिवस ते घोकत होते.

"छान आहे," ते म्हणाले.

"चिरता की नाही तिच्यावर?"

"चिरतो ना. रोज."

"बरं झालं," काशिनाथ म्हणाले. त्यांचा चेहरा खुलेल असं चंद्रहासना वाटलं होतं. तसं झालं नाही. काहीतरी मागायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परत फिरावा तसे ते जरा मागे सरकून बसले. तेव्हा चंद्रहासना त्याचा अर्थ लागला नाही. वाटलं, दमले असतील.

उमेळ्याकडे जाणारी शेअर रिक्षा आली. एकच जागा होती. चंद्रहासनी हाताला धरून काशिनाथांना आत बसवलं, औषधांची पिशवी मांडीवर ठेवून दिली.

"एक दिवस येतो मी घरी," ते म्हणाले.

"या. सकाळचे या, दुपारी मी झोपतो."

"सकाळीच येतो."